काय वाटतंय ते सांगता येत नाही : ट्रान्स आणि लिंगविविध व्यक्तींसाठी, त्यांच्या घरच्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या पुष्कळ घरांत बोलणं कोंकणीत, आरती-भजन-वर्तमानपत्र मराठीत आणि कॉलेज-नोकरी इंग्रजीत असं चालतं. त्यामुळे मनातलं सांगायचं तर कुठल्या भाषेत, हा प्रश्न इथे सगळ्यांनाच पडतो. ट्रान्स (जन्माच्या वेळी नोंदलेलं लिंग ज्यांना आपलं वाटत नाही), नॉन-बायनरी (जे स्वतःला फक्त बाई किंवा फक्त पुरुष मानत नाहीत) किंवा स्वतःच्या लिंगओळखीचा शोध घेणाऱ्या माणसांपुढे त्यात पुष्कळदा आणखी एक अडचण उभी राहते : आपल्याला काय वाटतंय तेच उमजत नाही. त्या अडचणीबद्दल जे पुन्हा पुन्हा विचारलं जातं, ते इथे एकत्र केलं आहे.

भावना ओळखता न येणं म्हणजे नेमकं काय?

कुणी विचारतं, "काय झालं?" उत्तर येतं, "काही नाही" किंवा "माहीत नाही." आणि ते खरंच माहीत नसतं. पोटात गोळा आलेला असतो, जबडा आवळलेला असतो, रात्री झोप नसते, पण हे भीतीमुळे आहे, रागामुळे आहे की भूक लागली आहे, ते उमजत नाही. उमजलं तरी सांगायला शब्द सापडत नाही. याला अलेक्सिथायमिया म्हणतात. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पीटर सिफ्निओस या मानसोपचारतज्ज्ञांनी ग्रीक शब्दांवरून हे नाव घडवलं. 'भावनेसाठी शब्द नसणं' हा त्याचा सरळ अर्थ.

यात तीन गोष्टी येतात आणि त्या वेगवेगळ्या ओळखणं उपयोगाचं असतं. भावना ओळखता न येणं ही पहिली. ओळखली तरी दुसऱ्याला सांगता न येणं ही दुसरी. आणि लक्ष सतत बाहेरच्या तपशिलात राहणं ही तिसरी : काय घडलं, कुणी काय म्हटलं, किती वाजले होते हे सगळं चोख आठवतं, पण त्या वेळी आत काय होत होतं याची जागा कोरीच राहते. एखाद्याची अडचण फक्त दुसऱ्या प्रकारची असते. त्या माणसाला स्वतःला सगळं कळतं, फक्त घरात बोलायची सोय नसते. तिथे सराव वेगळा लागतो.

म्हणजे भावनाच नसतात का?

असतात. छाती धडधडते, घाम फुटतो, घसा दाटतो. शरीर आपलं काम करत असतं. त्या खुणा आणि शब्द यांना जोडणारा धागा कच्चा असतो, एवढंच. 'दगड आहे', 'कोरडा आहे', 'हिला कुणाचं काही नाही' असे शेरे ऐकत वाढलेल्या माणसाने हे उत्तर दोनदा वाचावं.

हा आजार आहे का? चाचणी करता येते का?

हा आजार नाही. मानसिक आजारांच्या कोणत्याही मोठ्या वर्गीकरणात याला स्वतंत्र निदान म्हणून जागा नाही. हा कमी-जास्त प्रमाणात असणारा स्वभावविशेष आहे आणि तो बदलू शकतो. साधारण लोकसंख्येत सुमारे १० टक्के लोकांमध्ये तो ठळकपणे दिसतो.

मोजण्यासाठी सर्वांत जास्त वापरली जाते ती टोरोंटो प्रश्नावली. तिची आजची आवृत्ती १९९४ सालची आहे. विधानं २०, प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणून एकूण २० ते १००. ५१ किंवा कमी असेल तर अलेक्सिथायमिया नाही, ५२ ते ६० म्हणजे सीमेवर, ६१ किंवा जास्त म्हणजे आहे असं धरतात. सात विधानं ओळखण्याबद्दल, पाच सांगण्याबद्दल आणि आठ बाहेर लक्ष असण्याबद्दल असतात. एकूण आकड्यापेक्षा हे तीन वेगवेगळे गुण जास्त बोलके असतात. समुपदेशकाकडून तेच मागून घ्या.

एक मर्यादा लक्षात ठेवा. स्वतःच्या भावना कळत नाहीत अशा माणसालाच ही प्रश्नावली त्या कितपत कळतात ते विचारते. शिवाय नैराश्य असेल तर गुण वाढलेले येतात. त्यामुळे इंटरनेटवर एकदा भरून स्वतःवर शिक्का मारून घेऊ नका.

ट्रान्स व्यक्तींमध्ये हे जास्त का आढळतं?

इटलीसह काही देशांतल्या अभ्यासांत ट्रान्स व्यक्तींचे या प्रश्नावलीतले गुण सरासरीने जास्त आढळले आहेत. याचं कारण ट्रान्स असण्यात शोधू नये. ट्रान्स म्हणून जगताना काय काय सोसावं लागतं, तिथे ते शोधावं.

लहानपणापासून चालण्यावर, बोलण्यावर, हात हलवण्यावर टोकलं गेलेलं मूल एक गोष्ट फार लवकर शिकतं : आतलं बाहेर दिसू द्यायचं नाही. आधी चेहरा सांभाळला जातो, मग आवाज. असं दहा-पंधरा वर्षं चाललं की झाकलेली गोष्ट स्वतःपासूनही झाकली जाते. गोव्यात गाव लहान, वाडा त्याहून लहान. फार्मसीवाला ओळखीचा, बसचा कंडक्टर शेजारच्या वाड्यावरचा, जत्रेत आणि चवथीच्या आरतीला तीच माणसं. सुटीचा दिवस नसलेला हा पहारा असतो. अल्पसंख्याक गटांवर असा जो कायमचा ताण पडतो, त्याचा परिणाम आरोग्यावर होतो हे संशोधनात नीट मांडलं गेलं आहे. अमेरिकी संशोधक इलान मायर यांची २००३ सालची मांडणी त्यात पायाभूत मानली जाते.

दुसरं कारण शरीराशी असलेल्या नात्याचं. भावना आधी शरीरात येते. ज्या शरीराकडे बघवत नाही, त्याच्या आतल्या खुणांकडेही लक्ष जात नाही. डिस्फोरिया, म्हणजे शरीर आणि लिंगओळख जुळत नसल्याचा त्रास, टाळायला मनाने शरीराकडचा दरवाजा ओढून घेतलेला असतो. त्याच दरवाजातून भूक, थकवा, राग आणि आनंद यांनाही यायचं असतं, त्यामुळे तेही बाहेर राहतात.

तिसरं कारण ऑटिझमचं. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये ६ लाख ४० हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली. ट्रान्स आणि लिंगविविध व्यक्ती ऑटिस्टिक असण्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे तीन ते सहा पट दिसलं. ऑटिस्टिक लोकांपैकी जवळपास निम्म्यांना भावना ओळखण्याची ही अडचण असते. म्हणजे काहींच्या बाबतीत ही जन्मापासूनची ठेवण असते, नंतर झालेली जखम नव्हे, आणि तिथे 'बरं होणं' हे ध्येयच चुकीचं ठरतं. आपल्या पद्धतीने भावना कळवायला शिकणं हे योग्य ध्येय.

स्वतःला काय वाटतं तेच कळत नसेल, तर आपण ट्रान्स आहोत हे तरी कसं कळणार?

हा प्रश्न घरचे विचारतात, काही डॉक्टर विचारतात आणि रात्री दोन वाजता माणूस स्वतःलाही विचारतो. भावनेला नाव देता न येणं आणि लिंगओळख पक्की नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "मला आतून बाई असल्यासारखं वाटतं" असं वाक्य कधीच न उच्चारलेल्या माणसाचीही ओळख ठाम असू शकते. ती कृतींतून दिसते : कोणतं नाव लिहिलं की हात थांबत नाही, कोणते कपडे घातल्यावर दिवसभर आरशाची आठवण होत नाही, कोणत्या फोटोंत आपण कायम मागे उभे आहोत.

लिंगओळखीच्या तपासणीसाठी डॉक्टरांकडे जाणार असाल तर याच गोष्टींचं एक पान तयार करा. डाव्या बाजूला वय, उजव्या बाजूला घडलेली गोष्ट, एका ओळीत. आठ-दहा ओळी पुरतात. ओपीडीत समोरासमोर बसून "कसं वाटतं सांगा" म्हटल्यावर जे सुचत नाही, ते या कागदावर असतं. सपाट आवाजात बोललात म्हणून कुणी तुमच्या ओळखीवर शंका घेतली, तर "मला भावना सांगायला अडचण येते, हे लिहून आणलंय" असं सरळ म्हणा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या ११व्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, लिंगओळखीची विसंगती मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढलेली आहे. ओळख 'बदलून देतो' म्हणणाऱ्या उपचाराला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे.

'मी' म्हणून वाक्य सुरू केलं की अडखळायला होतं. असं का?

आमच्या मते मराठीत ही सर्वांत दुर्लक्षित अडचण आहे, आणि तिच्यावरचा उपायही मराठीतच आहे.

इंग्रजीत 'मी'चं लिंग उघड होत नाही. मराठीत 'मी घाबरलो' की 'मी घाबरले', हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. घरी अजून काही सांगितलेलं नसेल, तर प्रत्येक 'मी' हा एक निर्णय होतो : खोटं बोलायचं, की स्वतःला उघडं करायचं. भावना सांगायच्या आधीच हा नाका लागतो, आणि माणूस गप्प बसतो. मग सवयीने आतही गप्प होतो.

पण मराठीत भावना सांगायची जुनी रीत 'मी'ची नाहीच, 'मला'ची आहे. 'मला राग आला' : इथे क्रियापद रागाच्या मागे गेलं. 'मला भीती वाटली' : भीतीच्या मागे गेलं. बोलणाऱ्याचं लिंग कुठेच आलं नाही. 'मी रडलो/रडले' ऐवजी 'मला रडू आलं'. 'मी थकलो/थकले' ऐवजी 'मला थकवा आलाय'. 'मी कंटाळलो/कंटाळले' ऐवजी 'मला कंटाळा आलाय'. 'मी गोंधळलो/गोंधळले' ऐवजी 'माझा गोंधळ उडाला'. 'मी जेवलो/जेवले' ऐवजी 'माझं जेवण झालं'. आपली ओळख उघड करायची घाई न करता, खोटंही न बोलता, मनातलं सांगायची ही वाट आहे.

कोंकणीत वर्तमानकाळ आणखी मोकळा : 'हांव वतां' कुणीही म्हणावं. 'म्हाका भंय दिसता', 'म्हाका राग आयलो' ही वाक्यंही तशीच. मराठीत अडकलं तर कोंकणीत म्हणा, कोंकणीत अडकलं तर मराठीत. ज्या भाषेत टोमणे खाल्ले नाहीत, त्या भाषेत शब्द लवकर येतो.

आणि 'आलो' म्हणायचं की 'आले', हे ज्यांनी ठरवलं आहे, त्यांनी एकांतात 'मी आले', 'मी थकलो' असं आपल्या रूपात मोठ्याने म्हणून बघावं. त्या वेळी घशात, खांद्यात काय होतं, ती पहिली नोंद.

सुरुवात कुठून करायची?

शब्दापासून नको, शरीरापासून करा. रोज तीन वेळा, प्रत्येकी दोन मिनिटं, एका वहीत नोंद करा. वेळ घड्याळाने ठरवली तर विसरते, म्हणून रोज आपोआप घडणाऱ्या गोष्टीला बांधा : सकाळी पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजतो तेव्हा, दुपारी जेवून आडवं व्हायच्या आधी, आणि दिवेलागणीला.

पहिली पायरी : पाच जागा बघा. जबडा, घसा, छाती, पोट, तळवे. प्रत्येक जागी ताण किती, ० ते १० पैकी आकडा द्या. काहीच जाणवलं नाही तर ० लिहा. शून्य हीसुद्धा नोंद आहे.

दुसरी : हे सुखद, नकोसं की मधलं? फक्त एक खूण.

तिसरी : अंगात जोर आहे की जोर गेलाय? नकोसं आणि जोर आहे, तर राग किंवा भीतीच्या बाजूला शोधा. नकोसं आणि जोर गेलाय, तर दुःख, थकवा किंवा लाज. सुखद आणि जोर आहे, तर उत्साह. सुखद आणि शांत, तर समाधान. जिथे शब्दच नव्हता, तिथे आता चार दिशा झाल्या.

चौथी : त्या दिशेतला एक शब्द निवडून एक वाक्य 'मला'ने लिहा. चुकला तरी चालेल. भावनेला नाव दिलं की मेंदूतल्या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची हालचाल कमी होते, हे २००७ साली मेंदूच्या प्रतिमा घेऊन केलेल्या प्रयोगात दिसलं आहे.

पाचवी, फक्त संध्याकाळी : त्याच्या आधीच्या दोन तासांत काय घडलं, ते पाच शब्दांत.

एक नोंद अशी दिसेल : "मंगळवार, दिवेलागण. जबडा ७, घसा ५, छाती २, पोट ६, तळवे घामेजलेले. नकोसं, जोर आहे. मला चीड आली असावी. काकांनी जुन्या नावाने हाक मारली." 'असावी' ठेवलेलं बरं. खात्री नसताना खात्रीचं वाक्य लिहिलं की दुसऱ्या दिवशी वही उघडावीशी वाटत नाही.

पहिले तीन आठवडे फक्त गोळा करा, अर्थ लावू नका. चौथ्या आठवड्यात मागे वळून बघा : जबडा चढतो तेव्हा आधी काय घडलेलं असतं? बहुतेकांना शरीराच्या खुणा काही आठवड्यांत दिसू लागतात. शब्द पकडीत यायला महिने लागतात.

शरीराकडे लक्ष दिलं की उलट त्रास वाढतो. काय करावं?

मग ती पाच जागांची यादी तुमच्यासाठी नाही. छातीकडे किंवा पोटाकडे लक्ष नेल्यावर डिस्फोरिया उसळत असेल, तर ज्या अवयवांशी वैर नाही ते निवडा. तळहात, तळपाय, कपाळ, कानाची पाळी, नाकपुडीशी येणारा श्वास. दोन जागा पुरतात. डोळे उघडे ठेवा. 'डोळे मिटा आणि शरीरात उतरा' ही ध्यानाच्या अ‍ॅपमधली सूचना अनेक ट्रान्स व्यक्तींना आणि हिंसा सोसलेल्यांना त्रासदायक ठरू शकते.

अंग बधिर झालं, सगळं काचेपलीकडे गेल्यासारखं वाटलं, तर लगेच थांबा. पाय जमिनीवर दाबा, गार पाण्याने मनगटं धुवा, समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. त्या दिवशी पुन्हा प्रयत्न करू नका. असं वारंवार होत असेल, तर हा सराव एकट्याने न करता समुपदेशकाबरोबर करा.

छातीत घट्ट वाटतं. ही भीती की बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घातलेला घट्ट कपडा)?

दोन्ही सारखंच वाटतं, म्हणून तपासून बघावं लागतं. बाइंडर काढा, १५-२० मिनिटं पंख्याखाली बसा, पाणी प्या, पुन्हा आकडा द्या. ७ वरून २ वर आला तर ते बाइंडर होतं. तसाच राहिला तर भावनेकडे बघा. दिवसात ८ तासांच्या वर बाइंडर नको, झोपताना तर नकोच, आणि क्रेप बँडेज कधीही गुंडाळू नका, कारण श्वासागणिक ते आणखी आवळतं. एप्रिल-मेच्या दमट उन्हात घाम आणि पुरळ वेगळं, तेव्हा वेळ आणखी कमी करा. काढल्यावरही दुखत असेल, धाप लागत असेल, तर थेट डॉक्टरकडे जा.

अशाच फसव्या गोष्टी आणखी आहेत. रिकाम्या पोटी घेतलेला कडक चहा धडधड वाढवतो. रक्तातलं हिमोग्लोबिन कमी असेल किंवा थायरॉइड बिघडलं असेल, तर 'उदास' वाटतं. स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी हार्मोनचा परिणाम अडवणारं औषध) घेणाऱ्यांना उठताना चक्कर येऊ शकते. नोंद करायच्या आधी चार प्रश्न विचारा : जेवण झालं? झोप झाली? पाणी प्यायलं? औषध घेतलं?

शब्द कुठून आणायचे? इंग्रजी भावनाचक्र उपयोगी पडतं का?

फारसं नाही. भावनांची नावं गोलात मांडलेल्या त्या तक्त्यातले शब्द परीक्षेसारखे पाठ होतात, अंगाला लागत नाहीत. आपल्याकडे शब्दांचा तुटवडा मुळीच नाही.

नाट्यशास्त्रात भरतमुनींनी आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत आणि ते सगळे शरीरावर दिसणारे आहेत : थिजून जाणं, घाम, रोमांच, आवाज फुटणं, थरथर, रंग उडणं, अश्रू आणि भान हरपणं. गावोगाव जत्रेला नाटक करणाऱ्या गोव्यात हे परकं वाटू नये. त्याच ग्रंथात आठ स्थायी भाव आणि ३३ व्यभिचारी, म्हणजे येऊन-जाऊन असणारे भाव आहेत. त्या ३३ मध्ये शंका, लज्जा, दैन्य, ग्लानी, असूया असे, मानसशास्त्राच्या पुस्तकात शोधायला जावे लागतील असे बारकावे आहेत. भावना आली आणि गेली तरी ती खरीच होती, हेही त्या नावातून कळतं.

रोजच्या मराठीत तर शरीर आणि भावना एकाच शब्दात बांधलेल्या आहेत. काळजात धस्स होणं म्हणजे अचानक आलेली भीती. पोटात गोळा म्हणजे पुढे काय होणार याची भीती. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे संताप. हातपाय गळणं म्हणजे भीती आणि हताशपणा एकत्र. शरीराकडून शब्दाकडे जायचा हा तयार पूल आहे.

मग छटा. रुखरुख म्हणजे करायचं राहून गेल्याची बोच. हुरहूर म्हणजे कारण न सापडणारी अस्वस्थ ओढ. घुसमट म्हणजे बोलायचं आहे पण जागा नाही. तगमग म्हणजे स्थिर बसवत नाही. खंत शांत असते, चीड गरम असते. ओशाळणं चार लोकांसमोर होतं, अपराधीपणा एकट्यालाही खातो. आठवड्याला तीनच शब्द घ्या. वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि आठवडाभर त्यांतलाच बसतो का बघा. घुसमट आणि तगमग यांतला फरक ज्या दिवशी स्वतःच्या अंगात कळतो, त्या दिवसापासून पुढचे शब्द भराभर येतात.

सराव केला, पण काही होत नाही. काय चुकत असेल?

बहुधा 'वाटणं' या क्रियापदाने फसवलेलं असतं. मराठीत विचारही वाटतो आणि भावनाही वाटते. "मला वाटतं की तो मला टाळतोय" हा विचार. "मला एकटं वाटतं" ही भावना. खूण सोपी : 'वाटतं' नंतर 'की' आला तर तो विचार. तो खोडू नका, त्याच्या खाली दुसरी ओळ लिहा : असं वाटल्यावर अंगात काय झालं?

दुसरी चूक, रोज 'ठीक' लिहिणं. 'ठीक' हा शब्द वहीतून बाद करा. त्याऐवजी आकडा लिहा.

तिसरी, प्रसंग घडताक्षणी उत्तराची अपेक्षा. अनेकांना भावना उशिरा पोहोचते, कधी सहा तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी नाहताना. मागच्या तारखेची नोंद करायला मोकळीक द्या.

चौथी, संध्याकाळचा पेग. दारू इथे स्वस्त आणि हाताशी आहे. नाव नसलेला ताण तिने बोथट होतो, आणि पुढच्या दोन-तीन नोंदी निरुपयोगी होतात. प्यायलं असेल तर तसं लिहा. महिनाअखेर कोणत्या प्रसंगांनंतर प्यायलं जातं ते आपोआप दिसेल.

हार्मोन सुरू केल्यावर भावना बदलतात का?

शरीर लिंगओळखीशी जुळावं म्हणून हार्मोन घेणाऱ्या बऱ्याच जणांना बदल जाणवतो. टेस्टोस्टेरॉनवर असलेले अनेक जण रडू लवकर येत नाही असं सांगतात. इस्ट्रोजेनवर असलेल्या अनेक जणी भावना जवळ आल्यासारखं, डोळे पटकन भरल्यासारखं सांगतात. यात हार्मोनचा वाटा किती आणि अखेर आपलं शरीर आपलं होत असल्याच्या सुटकेचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे.

करायचं ते इतकंच : सुरू करण्याआधी किमान दोन आठवड्यांच्या नोंदी ठेवा, म्हणजे तुलना करता येते. इंजेक्शन घेत असाल तर त्याचा दिवस वहीत गोल करा. काहींना पुढच्या डोसाआधीचे दोन-तीन दिवस चिडचिड होते. ते दिसलं तर डॉक्टरांना वही दाखवा. मात्रा स्वतःहून वाढवू-घटवू नका.

वही घरी कुणाच्या हाती लागली तर?

ही भीती रास्त आहे. नावं लिहू नका, आकडे आणि आद्याक्षरं पुरतात. खर्चाच्या वहीत 'ज७ घ५ पो६' कुणाच्या नजरेत भरत नाही. फोनवर ठेवत असाल तर कुलूप लागणारं नोंदींचं अ‍ॅप वापरा आणि सूचना पडद्यावर दिसू देऊ नका.

आमचं मूल काही बोलतच नाही. आम्ही घरच्यांनी काय करावं?

"तुला काय होतंय ते सांग" हा प्रश्न काही काळ बंद करा. उत्तर नसलेल्याला तो उलटतपासणीसारखा लागतो. त्याऐवजी पर्याय द्या : "राग आलाय, भीती वाटतेय, की दोन्ही? की अजून कळलं नाही?" शेवटचा पर्याय नेहमी ठेवा आणि तो निवडला तर रागावू नका.

समोरासमोर बसवू नका. नुस्तें (मासे) साफ करताना, कपडे वाळत घालताना, स्कूटरवर मागे बसून बोलणं सोपं जातं, कारण नजरेला नजर द्यावी लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तर ते खरं बोलणंच समजा. उत्तराला एक दिवस द्या.

जे नाव, जे रूप त्यांनी मागितलं आहे ते वापरा. "तू आलीस" की "तू आलास" यावर पुढचं सगळं संभाषण ठरतं. चुकलं तर एकदा दुरुस्त करून पुढे चला. लांबलचक माफी मागितली तर सांत्वन करायचं काम पुन्हा त्यांच्याच गळ्यात पडतं.

आणि पाहुण्यांसमोर, आजीसमोर, मावशीसमोर "सांग ना यांना" असं कधीही म्हणू नका.

गोव्यात मदत कुठे मिळते?

बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाजवळ मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था आहे. मानसोपचाराचं हे सरकारी केंद्र. सकाळी लवकर पोहोचा. केसपेपरवर कागदपत्रांतलंच नाव येईल, पण कोणत्या नावाने हाक मारावी ते बाजूला लिहून घ्यायला सांगा. १९९६ पासून गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करणारी संगत ही संस्थाही आहे. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास, मोफत, मराठीतूनही बोलते.

लिंग किंवा लैंगिक कलावरून भेदभाव न होता उपचार मिळणं आणि माहिती गुप्त राखली जाणं हे दोन्ही हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात आहेत. डॉक्टर ओळखीच्या घरातले निघाले, आणि गोव्यात ते निघतातच, तरी त्यांना हा नियम लागू आहे.

खासगी समुपदेशकाला फोनवर आधीच विचारा : ट्रान्स व्यक्तींबरोबर काम केलं आहे का, अलेक्सिथायमिया माहीत आहे का, सत्रात लिहून किंवा चित्रं काढून उत्तर दिलं तर चालेल का, कोंकणी-मराठीत बोलता येईल का. तिसऱ्या प्रश्नाला "बघू" असं उत्तर आलं तर दुसरीकडे विचारा. यासाठी गोळी नसते. नैराश्य किंवा चिंता सोबत असेल तर त्यावर औषध मिळू शकतं, आणि ते उतरलं की शब्दही थोडे मोकळे होतात.

जीव नकोसा होतो, पण त्याला काय नाव द्यायचं ते कळत नाही.

नाव लागत नाही. १४४१६ लावा आणि "मला सुरक्षित वाटत नाही" एवढंच म्हणा. इजा झाली असेल किंवा होणार असेल तर १०८ किंवा ११२. हे वाक्य आधीच फोनमध्ये लिहून ठेवा आणि विश्वासातल्या एका माणसाला सांगून ठेवा की हे वाक्य आलं की प्रश्न न विचारता यायचं. भावना कळत नसलेल्या माणसात धोक्याच्या खुणा वागण्यात दिसतात : जेवण सुटणं, वस्तू वाटून टाकणं, दोन-दोन दिवस खोलीबाहेर न येणं. घरच्यांनी याकडे लक्ष ठेवावं. "काही नाही" हे उत्तर इथे पुरेसं धरू नये.

आनंदसुद्धा ओळखता येत नाही. त्याचंही काही करता येतं का?

येतं, आणि हे बहुतेक जण विसरतात. वहीत नकोशा गोष्टीच भरत जातात. आनंद आवाज न करता येतो : खांदे खाली आलेले असतात, श्वास पोटापर्यंत जातो, जबडा ० असतो, एखादी ओळ नकळत गुणगुणली जाते. दुकानदाराने "ताई, सुटे आहेत?" किंवा "दादा, पिशवी हवी?" म्हटलं, आणि पुढची दहा पावलं हलकी पडली, तर घरी पोहोचायची वाट बघू नका. तिथेच, बसस्टॉपवर उभ्या उभ्या, फोनवर आकडे टाका आणि खाली लिहा : मला बरं वाटलं असावं.